रविवारची दुरुस्ती

प्लासिड तुस्कानोचं डोकं फिरलंय असं वालीवच्या गाळ्यांमध्ये कोणी म्हणालं की माझंच डोकं फिरतं. परवा चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "तो कम्प्युटरवाला ना? बहिणीला वाचवायला मशीन मोडायला निघालेला?" मी ग्लास खाली ठेवला आणि म्हटलं, तुला काय माहिती रे शेंबड्या, तू तेव्हा होतास का इथे? वर दोन शिव्या हासडल्या, त्या इथे लिहीत नाही. टपरीवाला मध्ये पडला म्हणून बरं. पण तेव्हाच ठरवलं, एकदा हे सगळं नीट सांगून टाकायचं. मी होतो तिथे, पहिल्यापासून शेवटपर्यंत होतो.

मी शत्रुघ्न. खाडीकाठच्या पाड्यातला. आमच्याकडे भात आणि मिठागर, दुसरं काही नाही. आयटीआय करून मी वालीवला ठोसरसाहेबांच्या कारखान्यात सोल्डरिंगला लागलो. कारखाना कसला, एक गाळा. शेजारी बोल्ट बनवणारं प्रेस दिवसभर धाडधाड करायचं, पलीकडे रंगाचं गोडाऊन, आणि मध्ये आम्ही कम्प्युटर जोडत बसायचो. पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची गोष्ट. लोकांनी तेव्हा कम्प्युटर पेपरातल्या फोटोतच पाहिलेला. डिस्क परदेशातून यायची, बोर्डावर डाग मी द्यायचो, पेटी इथेच वाकवून घ्यायचो. मग त्या निर्जीव पेटीला चालतं-बोलतं करायचं काम प्लासिडचं.

प्लासिड भुईगावचा. घरी चाफ्याची वाडी, बाप रोज फुलांच्या टोपल्या दादरला पाठवायचा. हा बी.एस्सी. झाला, मुंबईला जाऊन कसलासा कोर्स केला आणि ठोसरला सापडला. तोंडात शिवी नाही, कोणाला उलट बोलणं नाही. मी त्याला चिडवायला "फादर" म्हणायचो. राग आला तरी हा पुटपुटणार, आणि पुटपुटून झालं की सांगितलेलं काम मुकाट्याने करणार. त्याचा हा स्वभाव मला कधीच आवडला नाही आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय.

आता थोडं कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं मशीन एक, पण त्याला चार स्क्रीन लावता यायचे. चार माणसं एकाच वेळी काम करणार आणि सगळ्यांची माहिती एकाच डिस्कवर जाणार. डिस्क म्हणजे गरगर फिरणारी तबकडी, तिच्यावर एक हात पुढे-मागे सरकतो आणि लिहितो. मशीन झपाझप चालतं, डिस्कचा हात मात्र गोगलगाय. या दोघांच्या मध्ये बसून "हे लिही", "ते वाच" असे निरोप पोचवणारा जो प्रोग्राम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो प्लासिडने लिहिला होता. पहिल्या पद्धतीत असं होतं की तुम्ही काही लिहून ठेवायला सांगितलंत की डिस्कचं काम संपेपर्यंत तुमचा स्क्रीन ढिम्म. कितीही बटणं दाबा, हलायचा नाही.

त्यावरून एकदा ठोसरची भर सभेत फजिती झाली. मुंबईच्या एका पार्टीला मशीन दाखवत होता. एका स्क्रीनवर लांबलचक रिपोर्ट छापायला लावला होता, आणि पार्टीच्या माणसाने दुसऱ्या स्क्रीनवर काहीतरी टाइप केलं. स्क्रीन गप्प. त्याने परत बटण दाबलं, परत गप्प. तो हसत म्हणाला, "मेलं का हो तुमचं मशीन?" झालं, ऑर्डर गेली. ठोसर परत आला तो लालबुंद होऊन. म्हणाला, "प्लासिड, काहीही कर. उद्यापासून माझ्या मशीनचा स्क्रीन एक क्षणसुद्धा अडकता कामा नये."

प्लासिडने ते केलं, आणि छान केलं. आता तुम्ही काही लिहायला सांगितलंत की ड्रायव्हर ते घेऊन मशीनच्या मेमरीत रांगेला लावायचा आणि ताबडतोब सांगायचा, घेतलं, तुम्ही पुढचं काम करा. डिस्क आपल्या सवडीने एकेक काम उरकणार, आणि उरकलं की घंटी दिल्यासारखी खूण करणार, की झालं. मला समजेना तेव्हा त्याने मला बापाच्या टोपल्यांवरून समजावलं. "टोपली गाडीवाल्याकडे दिली की आमचा बाप तिथे उभा राहतो का? घरी येतो, पाटाचं पाणी फिरवतो. पण दादरहून निरोप येईपर्यंत 'फुलं खपली' असं म्हणत नाही. दिली एवढंच म्हणतो." हे मला लगेच कळलं. त्याचं म्हणणं, स्क्रीननेही तसंच सांगावं. आधी "घेतलं" दाखवावं, आणि डिस्कची खूण आली की मगच "सेव्ह्ड".

ठोसरला ते पटेना. "गिऱ्हाइकाला दोन-दोन निरोप कशाला? घेतलं म्हणजे होणारच ना? सरळ सेव्ह्ड दाखव."

"आणि मध्येच लाइट गेले तर, सर?"

"डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं रे ते! तू ना, भुताला घाबरतोस."

प्लासिड पुटपुटला, "हे बरोबर नाही, सर." आणि ठोसरने सांगितलं तसं करून दिलं. तिथेच त्याचं चुकलं. पण पगार देणारा ठोसर, मशीन ठोसरचं, आणि पातं लवायच्या आत होतं हेही बहुतेक वेळा खरंच होतं. एक गोष्ट मात्र तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. डिस्कच्या हाताचे फेरे वाचावेत म्हणून प्लासिडने तो जिथे असेल त्याच्या जवळचं काम आधी उरकायची सोय केली होती. वाडीत पाणी सोडलं की पाटाजवळचे वाफे आधी भिजतात तसं. कोणी मोठा रिपोर्ट छापायला घेतला की हात तिथेच घोटाळायचा आणि लांबच्या कोपऱ्यातलं काम रांगेत ताटकळत राहायचं. त्या कामाच्या मालकाला मात्र स्क्रीनने आधीच सांगितलेलं असायचं, सेव्ह्ड.

आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे वसईतलं एक ट्रस्टचं हॉस्पिटल. नाव सांगत नाही. ते मिळालं मटिल्डामुळे. मटिल्डा म्हणजे प्लासिडची धाकटी बहीण, त्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स. चटपटीत, हसरी, बोलायला फटकळ. मला म्हणायची, "शत्रुघ्न, तू डाग देतोस की डागण्या देतोस रे?" तिनेच तिथल्या मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घातलं, माझा भाऊ असं मशीन बनवतो म्हणून. मोठ्या डॉक्टरांना नवीन गोष्टींची भारी हौस. मशीन घेतलं, एवढंच नाही तर कागद बंद केले. खाटेच्या पायाशी लटकणाऱ्या पाट्यासुद्धा काढल्या. रोज सकाळी मशीन वॉर्डाचा एक छापील तक्ता काढणार, कोणत्या पेशंटला काय द्यायचं, काय द्यायचं नाही, तेच खरं. लाइट गेले तरी मशीन चालावं म्हणून बॅटरीचा डबा वेगळा घ्यावा लागे, तो मात्र त्यांनी घेतला नाही.

आमच्या पाड्यातली भागूमावशी तापाने फणफणली आणि तिच्या सुनेने, शकूने, तिला त्या हॉस्पिटलात नेलं. भागूमावशी माझी सख्खी मावशी नव्हे, पण आईची जन्माची सोबतीण. दोघी मिठागरावर एकत्र टोपल्या वाहायच्या. मी लहान असताना आई आजारी पडली की हिच्याच घरी जेवायचो. दुपारची वेळ होती. भरतीच्या टेबलावर मटिल्डा होती. तिने नाव-गाव टाइप केलं, मग विचारलं, कुठलं औषध सोसत नाही का? भागूमावशी तापात बरळत होती. शकू म्हणाली, तापाची अमुक सुई दिली की सासूचं अंग सुजतं, श्वास कोंडतो, मागच्या खेपेला मरता मरता वाचली. शकूने कनवटीला घडी करून ठेवलेला त्या सुईचा रिकामा खोकासुद्धा काढून दाखवला. मटिल्डाने ते नाव नीट बघून टाइप केलं. स्क्रीनवर आलं, सेव्ह्ड. तेव्हा आत ऑफिसात महिन्याचा रिपोर्ट छापायला लावलेला होता. आणि लाइट गेले.

थोड्या वेळाने लाइट आले, मशीन सुरू झालं, भागूमावशीचं नाव जागच्या जागी होतं, ते आधीच डिस्कवर उतरलेलं. मटिल्डाची ड्यूटी संपली, ती घरी गेली. सुईची सूचना परत उघडून बघायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. का येईल? मशीन म्हणालं होतं ना झालं म्हणून. सकाळी वॉर्डाचा तक्ता निघाला. भागूमावशीच्या नावापुढची "देऊ नये" ची जागा कोरी. सकाळच्या नर्सने तक्ता बघितला आणि सुई दिली. डॉक्टर जिना चढून येईपर्यंत सगळं आटपलं होतं.

मी संध्याकाळी कामावरून आलो तर अंगणात माणसं. माझी आई भागूमावशीच्या पायाशी बसलेली, तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. शकू एकच वाक्य परत परत म्हणत होती, "म्या सांगितलेलं बाईला. बाईनं मशीनमदी घातलं. म्या पायलं." कोणी तिचं ऐकत नव्हतं. सगळे म्हणत होते, त्या नर्सने खाल्ली म्हातारीला.

दुसऱ्या दिवशी मटिल्डाला घरी बसवलं. पुढच्या आठवड्यात चौकशी. चौकशीत ती निष्काळजी ठरली तर नुसती ही नोकरी जाणार नव्हती, नर्स म्हणून तिला परत कोणी दारात उभं केलं नसतं. आणि ती पोरगी नर्सच होती हो, दुसरं काही नव्हतीच. घरात कोणाला साधं खरचटलं तरी पदर खोचून धावायची.

प्लासिडने तिला एवढंच विचारलं, "सेव्ह्ड आलं होतं?"

"आलं होतं, दादा. आईची शपथ आलं होतं. मग लगेच लाइट गेले."

तो तडक वालीवला आला. सायकल भिंतीला नीट टेकवायचीसुद्धा शुद्ध नव्हती, ती पडली तशीच. मला म्हणाला, "शत्रुघ्न, मेन स्विचजवळ उभा राहा." एका स्क्रीनवर लांब रिपोर्ट लावला, दुसऱ्यावर कसलंसं नाव टाइप केलं. सेव्ह्ड. "ओढ." मी मेन ओढला. मशीन परत चालू केलं. नाव नाही. परत केलं. परत नाही. पुढच्या वेळी नाव सापडलं, त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा गायब. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "मी मारलं रे तिला. भागूबाईला मी मारलं."

"गप," मी म्हटलं. "मारलं असेल तर त्या ठोसरने." पण मीही सुटलो नव्हतो. ज्या बोर्डावर तो ड्रायव्हर चालत होता त्याला डाग मी दिलेले होते.

आता कोणी शहाणा विचारेल, तेव्हाच हॉस्पिटलवाल्यांना हाताला धरून आणून हे का नाही दाखवलं? मी तेच म्हणणार होतो. पण प्लासिड ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. तो म्हणत होता, "आत्ता या मिनिटाला तिथे कोणीतरी बसून टाइप करतंय. कोणाच्या तरी नावापुढे. आणि मशीन त्याला खोटं सांगतंय. आधी ते थांबवायचं. बाकी सगळं मागून." मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तुम्हाला दिसलं असतं? खरं सांगा.

आम्ही ठोसरकडे गेलो. मला वाटलं आता हा आकाशपाताळ एक करणार. पण तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "दुरुस्त करता येईल?" प्लासिड म्हणाला, दोन दिवसांत. "मग कर. आपल्याकडच्या मशीनवर, हॉस्पिटलात, अंधेरीच्या पार्टीकडे, सगळीकडे बदल. हॉस्पिटल रविवारी रिकामं असतं, माझी गाडी घेऊन जा." ठोसर आणि गाडी! ज्या माणसाने मला तापात घरी सोडायला कधी सायकल दिली नाही तो ड्रायव्हरसकट फियाट देतोय. नवीन फ्लॉपी मागितल्या तर म्हणाला, नाहीत, जुन्यांवरच घाला. त्यात नवल नव्हतं, आमच्याकडे नेहमी तसंच चालायचं. फ्लॉपी बाहेरून यायच्या, ठोसर त्या कपाटात कुलपात ठेवायचा, नवा प्रोग्राम जुन्याच्या डोक्यावर लिहायचा आणि जुना विसरायचा. प्रोग्राम छापलेले कागद पाठकोरे वापरून झाले की रद्दीत. बाहेर आल्यावर प्लासिड मला म्हणाला, "साहेब माणूस चांगला आहे रे." मीही मान हलवली.

रविवारी सकाळी मी त्याला घ्यायला भुईगावला गेलो. त्याची आई लाल लुगड्यात, डोकीवरून ओढणी घेऊन चर्चला, मिस्साला निघायच्या तयारीत. या माणसाने जन्मात रविवारची मिस्सा चुकवलेली नव्हती. आई त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली, याने मान खाली घातली आणि गाडीत बसला. मटिल्डा ओटीवर उभी होती. गाडी वळली तशी तिने हात हलवला. तिला वाटत होतं भाऊ आपल्यासाठी चाललाय.

हॉस्पिटलात त्याने ड्रायव्हर बदलला. आता लांबच्या कोपऱ्यातलं काम रांगेत कुजत पडणार नव्हतं, आणि डिस्कची खूण आल्याशिवाय सेव्ह्ड उमटणार नव्हतं. स्क्रीन तरीही अडकत नव्हता. पहिल्यापासून त्याला असंच करायचं होतं. आम्ही रिपोर्ट लावून, नावं घालून, पुन्हा पुन्हा मेन ओढला. ज्या ज्या नावापुढे सेव्ह्ड आलं ते ते नाव दर वेळी सापडलं. प्लासिड हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला. म्हणाला, "आता कोणाचं काही जाणार नाही, शत्रुघ्न." दुसऱ्या दिवशी अंधेरीलाही जाऊन बदलून आला.

मग चौकशी. हॉस्पिटलातल्या एका खोलीत मोठे डॉक्टर, ट्रस्टचे दोघे, आणि त्यांच्याच बाजूच्या खुर्चीवर ठोसर. समोर बाकावर मटिल्डा, इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म घालून आली होती. तिला म्हटलं होतं, साधे कपडे घाल. ऐकलं नाही. शकूलाही बोलावलं होतं, मी तिला घेऊन गेलो होतो.

प्लासिड उभा राहिला आणि त्याने घडाघडा सगळं सांगितलं. पुटपुटला नाही. ड्रायव्हर मी लिहिला, घेतलं आणि झालं यातला फरक मी पुसला, माझ्या बहिणीने सूचना घातली होती, मशीनने ती गिळली, दोष माझा. ती चर्चमध्ये कुमसार करतात ना, फादरपुढे गुडघे टेकून पाप कबूल करतात, तसं. मला तेव्हा कळलं की हा काय समजून आलाय. पाप कबूल केलं, चूक सुधारली, म्हणजे आता समोरचा मान्य करणारच, असं त्याला मनापासून वाटत होतं. लहानपणापासून त्याच्या घरात, त्याच्या देवळात हेच चालत आलेलं. त्याच्याकडे पुरावा मागेल कोणी, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

मोठे डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. दाखवा."

प्लासिड म्हणाला, "आता नाही दाखवता येणार. मी रविवारी बदललं."

"तरी बघू," म्हणून ते सगळ्यांना मशीनपाशी घेऊन गेले. रिपोर्ट लावला, मटिल्डालाच टाइप करायला लावलं, सेव्ह्ड आलं, मेन ओढला. चालू केल्यावर नाव जागच्या जागी. पुन्हा केलं. पुन्हा जागच्या जागी. आईशप्पथ, त्या दिवशी मी देवाला म्हणत होतो, एकदा, फक्त एकदा चूक होऊ दे. प्लासिडने काम इतकं चोख केलं होतं की एकदाही चूक झाली नाही.

"मशीन तर उत्तम चालतंय," एक ट्रस्टी म्हणाला.

मोठ्या डॉक्टरांनी ठोसरकडे पाहिलं. ठोसर हळू, अगदी मायेने बोलला. "रविवारी आमचं नेहमीचं मेंटेनन्स होतं. असा दोष असता तर मी हॉस्पिटलला मशीन विकलं असतं का? प्लासिड गुणी मुलगा आहे. बहिणीवर जीव आहे त्याचा. मी समजू शकतो."

हरामखोर! मी उठून ओरडलो. म्हटलं, मी स्वतः मेन ओढला, माझ्या डोळ्यांनी नाव गायब झालेलं बघितलं, या माणसाने आपली गाडी देऊन पुरावा पुसून घेतलाय. मोठे डॉक्टर म्हणाले, "तुम्ही काय करता?" म्हटलं, सोल्डरिंग. "आणि यांचे मित्र?" हो. "बसा." मी नाही बसलो. तेव्हा शिपायाने खांद्याला धरून बसवलं.

प्लासिड विनवायला लागला. "मला दोन दिवस द्या. जुनं जसं होतं तसं मी आठवून परत लिहितो, अक्षरन् अक्षर लिहितो. मग तुम्हीच मेन ओढा. तुम्हाला दिसेल."

मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते. दमलेल्या आवाजात म्हणाले, "अहो, चांगलं मशीन मोडून दाखवणं कोणालाही जमेल. त्यावरून ते आधी मोडलेलं होतं हे कसं सिद्ध होतं?"

प्लासिड बाकावर बसला.

मग शकूला विचारलं. तिने तेच सांगितलं, म्या सांगितलं, बाईनं घातलं, म्या पायलं. "काय टाइप केलं ते तुम्हाला वाचता आलं?" शकू म्हणाली, "नाय." तेवढं एक "नाय" पुरलं. शेवटी मटिल्डाला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? ती उभी राहिली. "मी घातलं होतं," म्हणाली आणि खाली बसली. एरवी एकाला चार ऐकवणारी पोरगी, एवढंच बोलली. अर्ध्या तासात निकाल. निष्काळजीपणामुळे पेशंट दगावला, कामावरून कमी. आणि तसं सगळीकडे कळवणार.

आम्ही बाहेर आलो. ठोसर फियाटमध्ये बसून निघून गेला. मी त्याच दिवशी त्याची नोकरी सोडली आणि जाताना त्याच्या टेबलासमोर जे बोललो ते अख्ख्या वालीवने ऐकलं, पण त्याचा काय उपयोग. प्लासिडनेही सोडली. परत कुठल्या कम्प्युटरला हात लावला नाही. इतका हुशार माणूस आता पहाटे चाफा तोडतो.

पण मला सांगायचंय ते गेटवरचं. शकू तिथे थांबली होती. ती मटिल्डासमोर आली आणि म्हणाली, "बाई, तुमी घातलेलं. माज्या सासूची आन घेऊन सांगते कोनापन." मटिल्डाने तिचे हात धरले. मग शकू प्लासिडकडे वळली. मला वाटलं आता ही याच्या श्रीमुखात देणार, आणि दिली असती तर मी अडवली नसती. ती म्हणाली, "दादा, मशीन तुमीच बनवलं ना? येक सांगा. आता परत कोनाच्या मानसाचं असं व्हनार नाय ना?"

प्लासिड म्हणाला, "नाही होणार. मी रविवारीच दुरुस्त केलं."

हीच गोष्ट त्याने आत खोलीत सांगितली होती आणि तिथे बहिणीचा गळा कापला गेला होता. शकूने मान हलवली. डोळे पुसले. "मंग बरं केलंत," म्हणाली आणि पाड्याच्या रस्त्याला लागली.

मटिल्डा भावाकडे बघत उभी होती. तो म्हणाला, "बाय, मला थांबायला पाहिजे होतं का गं? चौकशी होईपर्यंत?"

"नाही," ती म्हणाली. "मधल्या दिवसांत आणखी कोणी गेलं असतं तर? तू बरोबर केलंस. मी पण तेच केलं असतं." मग म्हणाली, "पण दादा, आता माझ्याशी बोलू नकोस. रविवारी तुझं चुकलं असतं ना, तर मी भांडले असते तुझ्याशी. भांडून मोकळी झाले असते."

दोघं एकाच घरात राहतात. ती त्याला वाढते, तापला तर कपाळावर पट्ट्या ठेवते. त्या दिवसापासून बोललेली नाही.